आवडती कॅसेट कोणती?

(छत्रपती संभाजीनगर येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पोटगी, रेशन, दारूचे अड्डे, घरातली मारहाण हे आपले नेहमीचे विषय बाजूला ठेवून आजची अख्खी दुपार ‘भीमगीतांची तुमची आवडती कॅसेट कोणती’ या प्रश्नाला का द्यायची, असं दोघीतिघींनी कालच मला विचारलं. एकीने तर सरळ सांगितलं की हा टाइमपास आहे. तिचं म्हणणं मी मुद्दाम इथे मांडते, कारण ते आणखीही काही जणींच्या मनात असणार.

वस्तीच्या नाक्यावर पुरुष मंडळी वर्षानुवर्षं याच विषयावर वाद घालत आली आहेत. प्रल्हाद शिंद्यांचा पहाडी आवाज मोठा की विठ्ठल उमपांची शाहिरी मोठी? वामनदादा कर्डकांचं गाणं खुद्द वामनदादांच्या तोंडून ऐकावं की दुसऱ्या गायकाने बसवलेल्या चालीत? आनंद शिंदे वडिलांच्या पुढे गेले की नाही? रात्र सरते, चहाचे कप वाढतात, एखाद्या वेळी कॉलरही धरली जाते. याला कोणी टाइमपास म्हणत नाही. याला चर्चा म्हणतात, आणि त्या चर्चेत जो जिंकतो तोच जयंतीच्या दिवशी मांडवात काय वाजणार ते ठरवतो. तेच बायका बोलल्या की मात्र ‘गाणी-बजावणी’.

हा विषय निघाला तोही मांडवातूनच. आपल्या शहरातली एक वस्ती आहे. नाव घेत नाही, आपल्याला तिथे अजून काम करायचं आहे. तिथल्या बाया दरवर्षी १४ एप्रिलची वर्गणी घरोघर फिरून जमवतात, खीर शिजवतात, मांडव झाडतात. डीजेवर काय वाजवायचं हे मात्र पोरं ठरवतात, आणि ते इतक्या मोठ्या आवाजात वाजतं की शब्द ऐकूच येत नाहीत. नुसता छातीत दणका बसतो. एका वर्षी या बायांनी उत्सव समितीला लेखी अर्ज दिला, की दुपारचे दोन तास आमच्या आवडीची गाणी आवाज कमी करून लावावीत. पहिल्या वर्षी समितीने जेवणाच्या वेळचा अर्धा तास दिला, म्हणजे पुरुष जेवायला बसलेले आणि बाया वाढतायत. कोण ऐकणार? दुसऱ्या वर्षी बाया वर्गणीच्या पावत्या घेऊन बैठकीला गेल्या आणि दोन तास मिळवले.

आणि खरी गंमत तिथून सुरू झाली. दोन तास मिळाले, पण लावायचं काय यावर बायांचंच एकमत होईना. तीन संध्याकाळी भांडण चाललं. आपल्या कार्यकर्त्या ते ऐकत बसल्या होत्या. त्यांनी येऊन सांगितलं की बचत गटाच्या बैठकीत तोंड न उघडणाऱ्या बाया तिथे तावातावाने बोलत होत्या. मग आम्ही हाच प्रश्न आपल्या बाकीच्या गटांतही टाकला.

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की पुष्कळशा बाया कॅसेटचं नाव सांगत नाहीत. त्या म्हणतात ‘निळ्या कव्हरची’, ‘ज्याच्यावर बाबासाहेब पुस्तक घेऊन उभे आहेत ती’, ‘माझ्या भावाने नागपूरहून आणली ती’, ‘बी बाजूला टेप अडकतो ती’. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी चित्रावरून, डागावरून, तुटक्या डबीवरून आपली कॅसेट ओळखली आणि चाळीस वर्षांनंतरही कुठल्या गाण्यानंतर कुठलं येतं ते त्या बिनचूक सांगतात. आता ते क्रमाने लागत नाही, मोबाइल मधेच दुसरंच काहीतरी लावतो, ही त्यांची मोठी तक्रार आहे.

आता थोडं मागे जाते. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. तमाशाचा साचा घेतला, पण आशय पार बदलला. तमाशात नाचणाऱ्या बाईची जात आणि तिची अब्रू दोन्ही बाजारात मांडलेली, म्हणून जलशाने बाई रंगमंचावरून काढून घेतली आणि स्त्रीची कामंही पुरुषांनीच केली. त्या काळात त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. पण त्याचा एक परिणाम असा झाला की चळवळीचं गाणं पुरुषाच्या गळ्यातलं झालं. इतिहासकार शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर २०२२ साली इंग्रजीत जे पुस्तक लिहिलं, त्यात या अब्रूच्या प्रश्नाचा सगळा गुंता उकलला आहे. मराठीत ते यायला हवं.

पुढे गायन पार्ट्या आल्या, कव्वालीचे मुकाबले आले. कार्यक्रम रात्री. बाया जात, पण मागे बसत, मांडीवर मूल घेऊन, आणि पहाटे पाणी भरायचं म्हणून अर्ध्यातून उठत. शेवटची गाणी, जी गायक राखून ठेवतो, ती त्यांनी ऐकलेलीच नाहीत. गाणं बाईच्या हातात खऱ्या अर्थाने आलं ते कॅसेटमुळे. त्याआधी तबकडी होती. ती आणि तिचं यंत्र दोन्ही महाग. १९८०च्या दशकात टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेटचा धडाका लावला, पाठोपाठ लहान लहान कंपन्या निघाल्या, आणि मोठ्या कंपनीने कधी उंबऱ्याशी उभं केलं नसतं असे गायक घराघरात पोचले. दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर पुस्तकं, फोटो, कॅलेंडरं आणि गाणी घ्यायला जी गर्दी होते तिच्यात बायका किती असतात ते तुम्ही पाहिलंच आहे. नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला, मराठवाड्यात घरं जळाली, माणसं मारली गेली, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. ही साडेपंधरा वर्षं आणि घरात टेपरेकॉर्डर येण्याची वर्षं जवळपास एकच. त्यामुळे आपल्याकडची बाई कॅसेटबद्दल बोलू लागली की त्या आठवणी आपसूक निघतात. भाकरी थापताना, शिलाई मशीन चालवताना, बाळंतपणात पडल्या पडल्या तिने ते ऐकलं आहे. तेच गाणं शंभरदा ऐकणं आणि मांडवात एकदा ऐकणं यात फरक आहे. शंभरदा ऐकणारी शब्द तपासते.

ती तपासणी रमाईच्या गाण्यांवर सगळ्यात कडक झाली. आमच्या सगळ्या गटांत सर्वांत मोठं भांडण यावरूनच झालं. साठीपुढच्या बहुतेक जणींना रमाईची कॅसेट सगळ्यात आवडती. कॉलेजातल्या मुलींना ती अजिबात नको. मुलींचं म्हणणं असं की या गाण्यांत रमाई फक्त सोसते. गोवऱ्या थापते, उपाशी राहते, मुलं गमावते आणि तक्रार करत नाही. म्हणजे सोसणारी बाई थोर, हेच मनूने वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं ना? यावर एका मावशींनी जे उत्तर दिलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या म्हणाल्या, की मी पण गोवऱ्या थापल्या, पण त्याचं गाणं होऊ शकतं हे मला या कॅसेटनं सांगितलं. दुसऱ्या कुठल्या गाण्यात माझं काम होतं?

दोघींचं बरोबर आहे असं म्हणून मला सुटता येणार नाही. माझं मत असं आहे, की मुली गाण्याबद्दल बोलतात आणि मावशी ऐकण्याबद्दल. मावशींनी त्या गाण्यातून आपल्या कष्टाची किंमत उचलली, सोसण्याचा उपदेश तिथेच ठेवला. पण गाणी लिहिणाऱ्यांना मात्र मुलींचा प्रश्न विचारलाच पाहिजे. रमाबाई १८९८ साली जन्मल्या आणि २७ मे १९३५ रोजी गेल्या, म्हणजे अवघ्या ३७व्या वर्षी. पाच लेकरांतली चार डोळ्यांदेखत गेली. हा त्यागाचा महिमा नाही, ही गरिबीने आणि आजाराने घेतलेली बाई आहे. एखाद्या गाण्याने संतापून विचारावं की हे औषधपाणी का मिळालं नाही, जातीने कोंडलेल्या घरातल्या बाईचं आयुष्य इतकं स्वस्त का, तर ते गाणं माझी आवडती कॅसेट होईल. आणि माईसाहेब? १९४८ साली बाबासाहेबांशी लग्न झालं, २००३ पर्यंत जगल्या, आणि त्यांच्यावरची गाणी शोधून काढावी लागतात. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित वर्गातल्या हजारो स्त्रियांची परिषद भरली, अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. त्यावर किती गाणी आहेत? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहून या बायांना कागदावर तरी आणलं. टेपवर त्या आल्या नाहीत.

टेपवर कोण आलं, हाही प्रश्नच आहे. तुमच्याकडची कुठलीही जुनी कॅसेट काढा आणि आतला कागद वाचा. मोठ्या अक्षरात गायक, खाली ‘आणि पार्टी’. त्या पार्टीतच एखादी बाई आहे. तिचा आवाज ऐकू येतो, अर्धं कडवं तिचं आहे, सवाल-जवाब असेल तर अर्धी कॅसेट तिची आहे. नाव नाही. एका गटात बायांनी एकीचा आवाज तीन वेगवेगळ्या कॅसेटींत ओळखला आणि तिला ‘ती नाकात गाणारी’ असं नाव दिलं. त्या तिला सगळ्यांत वर ठेवतात. आपल्याला तिचं खरं नाव हवं आहे.

इथे आपल्या गटातल्या एका मुलीने आणलेली गोष्ट सांगते. ती वसतिगृहात राहते, रात्री कानाला हेडफोन लावून इंग्रजी गाणी ऐकते, आणि तिच्या मैत्रिणींतही असाच वाद रंगतो, कुठल्या बँडचा कुठला अल्बम सरस. तिने सांगितल्यावर मीही ऐकलं. १९७६-७७ मध्ये इंग्लंडात पंक नावाचा गोंगाटी प्रकार निघाला. बेकार, चिडलेली तरुण पोरं, वाजवता येवो न येवो, स्टेजवर चढत. पाठोपाठ जे आले त्यांना पोस्ट-पंक म्हणतात, म्हणजे पंकच्या नंतरचे. राग तोच, पण विचार करून, नवे ताल शोधत. या लाटेत मुलींनी पहिल्यांदा मोठ्या संख्येने गिटार आणि ड्रम हातात घेतले. ‘द स्लिट्स’ या मुलींच्या बँडचा ‘कट’ आणि ‘द रेनकोट्स’ यांचा पहिला अल्बम, दोन्ही १९७९ सालचे. दोन्हीतला चांगला कुठला यावर ऐकणारे अजून भांडतात. पामॉलिव्ह या नावाने ड्रम वाजवणारी एकच बाई आधी स्लिट्समध्ये होती आणि मग रेनकोट्समध्ये, म्हणून भांडण आणखी चिवट.

‘कट’च्या कव्हरवर तिघी जणी अंगाला चिखल फासून, वर काही न घालता, थेट कॅमेऱ्याकडे बघत उभ्या आहेत. हे बंड की बाजार, यावर तिकडच्या स्त्रीवाद्यांतही दोन तट पडले. आमच्या गटात ते चित्र मोबाइलवर फिरवलं तेव्हा आधी हशा झाला, मग एक बाई म्हणाली, की नजर बघा, ही बाई कुणाला खूश करायला उभी नाही. तमाशाच्या फडात वाढलेल्या दुसऱ्या बाईंनी तिला लगेच उत्तर दिलं, की नजर आपली असली तरी तिकीट दुसऱ्याच्या खिशात जातं. हा वाद मी तिथेच सोडते, पण तिकडे आणि इकडे मुद्दा एकच निघाला हे मला नोंदवायचं आहे.

मला स्वतःला रेनकोट्स जास्त भावल्या. वाजवणं ओबडधोबड, व्हायोलिन मधूनच कर्कश होतं, आवाज एकमेकींवर चढतात, जणू बैठकीत सगळ्या एकदम बोलतायत. तो अल्बम नंतर दुकानांतून नाहीसा झाला होता. अमेरिकेतला कर्ट कोबेन हा फार गाजलेला गायक त्याच्यावर लुब्ध होता. त्याने त्याबद्दल लिहिलं आणि १९९३ साली तो पुन्हा निघाला. चांगलंच झालं. पण बाईचं गाणं पुन्हा बाजारात यायला प्रसिद्ध पुरुषाची शिफारस लागली, हे ऐकून आपल्यातल्या एकीलाही आश्चर्य वाटलं नाही. लंडनच्या गोऱ्या मुलींची आणि भावसिंगपुऱ्यातल्या बाईची बरोबरी मी करत नाही. त्यांना जात आडवी आली नव्हती. एवढंच सांगते, की आवडती तबकडी कोणती हे ठरवणं तिकडेही बायांना फुकट मिळालेलं नाही.

आपल्याकडे चित्र बदललं ते मोबाइलमुळे. कडूबाई खरात आपल्याच शहरातल्या. नवरा गेल्यावर एकतारी घेऊन दारोदार गाऊन त्यांनी लेकरं जगवली. कोणी तरी त्यांचं गाणं मोबाइलवर चित्रित केलं आणि ते महाराष्ट्रभर पसरलं. कंपनी नाही, ‘आणि पार्टी’ नाही, बाईचं स्वतःचं नाव. आमच्या गटांत वय, शिक्षण, वस्ती काहीही असो, कडूबाईंवर कोणाचं दुमत नव्हतं. भाकरीचा आणि बाबासाहेबांचा संबंध ही बाई ज्या आवाजात सांगते त्यात आपलं घर दिसतं, असं सगळ्याच म्हणाल्या. तरण्या मुलींचं दुसरं नाव शीतल साठे. पुण्याच्या कबीर कला मंचाची ही शाहीर. २ एप्रिल २०१३ रोजी गरोदर असताना ती विधानभवनासमोर पोलिसांच्या हवाली झाली, जूनमध्ये जामीन मिळाला. त्याआधी आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या २०११ सालच्या माहितीपटातून तिचं गाणं लोकांनी पाहिलं होतं. कॅसेटचा जमाना सरल्यावर आलेल्या या दोघी. पण एक अडचण आहे: घरात मोबाइल कोणाचा? मुलाचा किंवा नवऱ्याचा. मग त्याने जे पाहिलं त्याच्यासारखंच मोबाइल पुढे दाखवतो. टेपरेकॉर्डर चुलीशेजारी होता. मोबाइल खिशात असतो आणि खिसा बाहेर जातो.

आणखी एका मावशींचं सांगायचं राहिलं. सगळ्यांनी आपापली नावं घेतली, त्या गप्प. बैठक उठल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, की माझी आवडती प्रल्हाद शिंद्यांचीच, पण विठ्ठलाच्या गाण्यांची. प्रल्हाद शिंद्यांनी भीमगीतं गायली तशी पंढरीची गाणीही गायली, आणि तीही तितकीच घरोघरी पोचली. मावशींची सासू वारीला जायची. १९५६ नंतर घर बौद्ध झालं, बावीस प्रतिज्ञा झाल्या, देव गेले. पण सासूच्या आठवणीसाठी त्या दार लावून ती कॅसेट ऐकतात. सुनेला सापडली तर काय म्हणेल ही भीती. त्यांच्या परवानगीने सांगते आहे.

माझं मत विचाराल तर जयंतीच्या मांडवात ते गाणं लावू नये. ते दोन तास ज्या विचारासाठी मिळवले तो विचार तिथे स्पष्ट राहिला पाहिजे. पण आपल्या बैठकीतही बाईला आपली आवड दार लावून सांगावी लागत असेल, तर आपली बैठक आणि उत्सव समिती यांत फरक काय? आणि हा नुसता मावशींचा हळवेपणा नाही. शर्मिला रेगे यांनी दीक्षाभूमी, चैत्यभूमीवर विकल्या जाणाऱ्या पुस्तिका आणि गाण्यांच्या कॅसेटी गोळा करून त्यांचा विद्यापीठात अभ्यास केला; बाकीचे अभ्यासक त्याला व्यक्तिपूजा म्हणून हिणवत असताना त्यांनी त्यात ज्ञान पाहिलं. २०१३ साली त्या गेल्या. त्यांचं काम आपण आपल्या पेटीतल्या कॅसेटीपासून पुढे नेऊ शकतो. त्यात मावशींच्या कॅसेटचीही नोंद हवी, लपवून ऐकली या शेऱ्यासह.

म्हणून कामाचं बोलते. एक वही केली आहे. प्रत्येकीने आपली आवडती कॅसेट घेऊन यायचं. कव्हरचं वर्णन, गायक, कवी, कागदावर नाव असलेल्या आणि नसलेल्या बाया, ती कोणी आणली, कुठे ऐकली, का आवडली, आणि कुठलं गाणं पुढे ढकलता, तेही लिहायचं. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर घरी वाजवू नका, यंत्राचं हेडही खराब होईल आणि टेपही तुटेल. तशीच आणा. एकुलती एक प्रत कोणाला नेऊ देऊ नका, मलासुद्धा नाही. तुमच्या समोर उतरवून घेऊ. ‘नाकात गाणारी’ कोण, हे ज्या कोणाला कळेल तिने ताबडतोब फोन करायचा.

पुढच्या जयंतीच्या दोन तासांची यादी अजून ठरलेली नाही. रमाईची किती आणि कुठली गाणी, यावर मावशी आणि मुली अडून बसल्या आहेत. हात वर करून मतदान करायचं नाही असं आपण ठरवलं आहे, गाणी ऐकून ठरवायचं. टेपरेकॉर्डर आणला आहे. ‘पुढे ढकला’ असं एकीने म्हटलं तरी गाणं पूर्ण वाजेल, मग बोलायचं. सुरुवात मावशींच्या कॅसेटने करू. त्यांची सूनही आज आली आहे, तिला पुढे बसू द्या.